देवराव मिस्त्रीची मापं

माझा मोठा मुलगा मिलिंद विहिरीच्या तळाशी पडलेला होता आणि देवराव मिस्त्रीने दोर कापला.

विळ्याने कापला. कडुनिंबाच्या बुंध्याला बांधून काठावरून खाली सोडलेला तो एकच दोर होता. माझा धाकटा, विलास, तो दोर धरून एक पाय आत टाकत होता. देवरावने मागून त्याची कॉलर पकडून त्याला चिखलात आपटलं आणि दुसऱ्या हाताने विळा चालवला. दोर सळसळत खाली गेला. विलास उठून पुन्हा काठाकडे धावला, तेव्हा देवरावने फावड्याचा दांडा त्याच्या नडगीवर घातला.

"कोनी खाली उतराचं नाही!" तो ओरडला. "जो उतरन त्याचे पाय तोडीन मी."

मी त्याच्या अंगावर गेले. त्याचं तोंड ओरबाडलं. "माह्या पोराचा दोर कापला तू, हरामखोरा," असं म्हणाले, आणि याहून वाईटही म्हणाले. ते लिहिण्यासारखं नाही, पण मी ते परत घेत नाही. खाली चाळीस फुटांवर मिलिंद खडकावर पालथा पडला होता. त्याच्या शेजारी आमच्या कामावरचा सुभाष भिंतीला टेकून बसल्यासारखा होता. दोघांच्या मध्ये कंदील छान जळत होता.

देवराव गेला. परवा त्याच्या पुण्यानुमोदनाला मंडप भरला होता. एकाने माईक हातात घेऊन त्याला देवमाणूस म्हटलं. दुसरा म्हणाला, असा माणूस पुन्हा होणार नाही. सात वर्षांपूर्वी हीच तोंडं त्याला खुनी म्हणत होती. तेव्हाही मला राग आला होता आणि परवाही आला. तो देव नव्हता आणि खुनीही नव्हता. तो विहिरी खोदणारा मिस्त्री होता, धोका मोजून काम करायचा, आणि एक दिवस त्याचं माप चुकलं. ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांना तो होता तसा कळावा, मंडपातल्यासारखा नको.

देवराव आमच्या वलगावचा. बुटका, पायांत वाकलेला, हाताचे पंजे मात्र टोपल्याएवढे. आवाज असा, की चाळीस फूट खालच्या माणसालाही शिवी स्पष्ट ऐकू जावी. त्याची आठ-दहा जणांची टोळी होती. पुरुष खाली उतरून खोदायचे, आम्ही बाया वर गाळ आणि मुरूम वाहायचो. माझा नवरा त्याच्या टोळीत होता. तो काविळीने गेला तेव्हा पोरं लहान होती. दुसऱ्याच आठवड्यात देवरावचा निरोप आला, "वैनीले म्हना, घरी बसून रडू नका, टोपलं घेऊन या." मी गेले. यात त्याचा काही उपकार नव्हता, त्याला दोन हात कमी पडत होते. पुढे पोरं मोठी झाली आणि त्याच टोळीत लागली.

सकाळी कामावर आला की तो कोणाशी बोलायचा नाही. आधी दोर. अख्खा दोर डोळे मिटून अंगठा आणि बोटांमधून ओढायचा. मध्येच थांबायचा, पीळ उलटा करून आतले धागे पाहायचा, पुन्हा डोळे मिटायचा. एवढा वेळ मालक बांधावर चुळबुळत असायचा. सुभाषची बायको बेबी आमच्याबरोबर टोपली वाहायची, तिच्या तोंडाला लगाम नव्हता.

"मिस्त्री, दोराची मालिश झाली असन तं माह्या पाठीची बी करून द्या."

"तुह्या नवऱ्याले वरतं आननारा दोर हाये बेबी," देवराव डोळे न उघडता म्हणायचा, "तुह्या पाठीले धरून तो वरतं येत नाही."

सुभाष खालून हसायचा. तेव्हा सगळेच हसायचे.

देवरावचं म्हणणं असं, की धोका एक नसतो. मला तो हे पुन्हा पुन्हा सांगायचा, बहुधा मी ऐकत होते म्हणून. "धोक्याच्या जाती असतात वैनी. आपल्या जातीसारख्या नाही, त्या मानसानं बनवल्या. ह्या खऱ्या असतात. अन् ज्याचं त्याचं माप येगळं. तराजूनं ऊन मोजता येते का?"

पातूरकडे काम असलं की तिथे खडक. सुरुंग उडवल्यावर तो सगळ्यात आधी एकटा उतरायचा आणि हातोडीने प्रत्येक कपार ठोकायचा. खणखणीत आवाज आला तर पुढे. भद्द आवाज आला तर तो दगड पहारीने पाडेपर्यंत कोणाला खाली येऊ द्यायचा नाही. मग तो दगड दिसायला पहाडाएवढा पक्का का असेना. "डोयानं गोटा दिसते, कानानं कयते," म्हणायचा.

आमच्या वलगावकडे खडक नाही, काळी माती. ती उन्हात फाटते आणि पाण्याने फुगते. तिला ठोकून काही कळत नाही. तिथे त्याचं माप म्हणजे तंबाखूची चुनाळी. संध्याकाळी वर येताना विहिरीच्या भिंतीला जिथे भेग दिसेल तिथे तो बोटभर चुना आडवा लावून ठेवायचा. भेगेच्या दोन्ही बाजूंना धरून, टिकलीसारखा. सकाळी पाहायचा. टिकली अखंड असली तर भिंत जागची हललेली नाही. टिकली चिरली तर भिंत रात्रीतून सरकली. एकदा एका बागायतदाराकडे तीन टिकल्यांतली मधली चिरली. केसाएवढी चीर. देवरावने काम बंद केलं. बागायतदार खवळला. "एवढ्याशा चुन्याच्या ठिपक्यासाठी दिवस खोटी करून राहिला तू?" देवराव म्हणाला, "ठिपका माह्या बापाचा नोकर नाही मालक, तो खोटं बोलत नाही." आम्ही शेंगा खात बसून राहिलो. जेवायच्या वेळेला ती बाजू खाली आली. जमीन हादरली आणि धुळीचा लोट वर आला. बागायतदार पांढरा पडला. त्याने देवरावला चहा पाजला. आम्हाला पाजला नाही.

त्याच सुमारास अमरावतीच्या बसस्टँडजवळ आम्हाला विम्याचा एक माणूस भेटला. देवरावला टोळीतल्या सगळ्यांचा विमा काढायचा होता. त्या माणसाने काम काय ते विचारलं आणि कागद परत पिशवीत घातला. म्हणाला, विहीर खोदणारे फार जोखमीच्या वर्गात येतात.

"तुमी जोखीम कशी मोजता?" देवरावने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. त्याला वाटलं, यांच्याकडे आपल्याला ठाऊक नसलेलं एखादं माप असेल.

"आमच्याकडं तक्ता असतो काका. कोणत्या कामात किती माणसं दगावली त्यावरून."

"म्हंजे आमी पैले मराचं, मंग तुमी मोजाचं."

तो माणूस हसला. देवराव हसला नाही.

आणि हवेचं माप कंदील. विहीर खोल गेली की तळाशी जड, कुबट हवा साचते. दिसत नाही, पण त्यात माणूस गुदमरतो. म्हणून रोज सकाळी आणि प्रत्येक सुट्टीनंतर तो पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडायचा आणि एक बिडी संपेपर्यंत थांबायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. जळत राहिला तर उतरायचं. रॉकेल मिळेनासं झालं तरी तो कुठून तरी बाटलीभर पैदा करायचा. त्याच्या बापाने त्याला हे शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापाने. त्यावर त्याचा एक नियम होता, तो प्रत्येक नव्या माणसाकडून तीनदा म्हणवून घ्यायचा: एक पडला तर दुसरा लगेच उतरायचा नाही, आधी कंदील उतरेल.

या सगळ्यांपेक्षा मोठा धोका माणसाचा, असंही तोच सांगायचा. "त्याले माप नाही. पन लक्षन हाये. कोनी 'घाई हाये' म्हनला का समजाचं, आला." हे मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे. म्हणून मला राग येतो. ज्याला ठाऊक नव्हतं त्याच्यावर मी काय रागावू?

ती विहीर तिवशाच्या पुढे, रस्त्यापासून आत होती. मालकाचं नाव मी लिहीत नाही, मला त्याला मोठं करायचं नाही. विहिरीला पाणी लागलं होतं. पण दुसऱ्या दिवशी अनुदानासाठी खोली मोजायला सरकारी साहेब येणार होते आणि अजून तीन फूट खोदायचं बाकी होतं. पाणी उपसल्याशिवाय खोदता येईना. शेतात वीज नव्हती. काठावर लावलेला पंप एवढ्या खोलातून पाणी ओढेना. मालकाने पेट्रोलवर चालणारा छोटा पंप भाड्याने आणला आणि म्हणाला, दोराने खाली सोडा, तळाला पाण्याबाहेर राहिलेल्या खडकावर ठेवा आणि तिथेच चालवा.

देवराव म्हणाला, "आतमंधी इंजन आमी कधी चालवलं नाही."

"माह्या साळ्याच्या इहिरीत चालवलं ना आताच. काही झालं नाही. घाई हाये मिस्त्री, उद्या साहेब येऊन राहिले."

घाई हाये. शब्द सरळ त्याच्या कानावर पडला. आणि देवराव नाही म्हणाला नाही. त्याने पंपाला दोर बांधला, नेहमीसारखा डोळे मिटून तपासलेला, आणि खाली सोडला. सुभाषने उतरून पंप सुरू केला आणि वर आला. तासाभराहून जास्त वेळ पंप चालला. पाणी निम्म्यावर आलं. मग पेट्रोल संपून तो बंद पडला. दुपारचे दोन वाजले असतील.

देवरावने कंदील सोडला. कंदील स्वच्छ जळला. बिडी संपली. "जा," तो सुभाषला म्हणाला.

सुभाष पेट्रोलची बाटली कमरेला बांधून उतरला. इंजिनावर वाकला, झाकण उघडलं, आणि मग सावकाश खाली बसला. बेबी वरून म्हणाली, "पाहा, बसला आळशी." कोणीतरी हसलं. हाका मारल्या. तो बोलेना. देवरावने कंदिलाकडे पाहिलं. ज्योत सरळ होती. तो म्हणाला, "हवा चांगली हाये. याले उन्हानं चक्कर आली असन. मिलिंद, कंबरेले दोर बांध अन् उतर."

माझ्या मिलिंदला त्याने पाठवलं. नाव घेऊन पाठवलं.

मिलिंद खाली पोहोचला. त्याने स्वतःच्या कमरेचा दोर सोडला, सुभाषला बांधायला. दोर सुभाषच्या बगलेखालून घेताना त्याचे गुडघे वाकले. त्याने वर पाहिलं. "मिस्त्री, माह्ये पाय..." एवढं म्हणाला आणि तोंडावर पडला. दोर त्याच्या हातातून सुटून मोकळा लोंबत राहिला. विलासने तो पकडला. आणि मग देवरावने तो कापला.

त्यानंतर त्याने गावाकडे माणूस पिटाळून गळ मागवला. विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ कोणत्याही गावात असतो. तोवर त्याने आम्हाला कडुनिंबाच्या फांद्या तोडायला लावल्या. त्या तो बादलीच्या बारीक दोरीला बांधून खालवर हलवत होता, हवा घुसळत होता. आम्हाला वरून पाणी ओतायला लावत होता. मी ओतत होते आणि त्याला शिव्या देत होते. गावातली माणसं जमली, तीही शिव्या देत होती. एक-दोघे पठ्ठे शर्ट काढून उतरायला निघाले. देवराव दांडा घेऊन काठावर उभा राहिला. गळ आला. तो पोटावर आडवा झाला आणि मिलिंदच्या पट्ट्यात गळ अडकवून त्याला वर काढलं. मग सुभाषला. एकही माणूस खाली न उतरवता दोघांना काढलं.

तिवशाच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोघेही काही मिनिटांतच गेले असतील. असतील. तो एक शब्द मी सात वर्षं चावते आहे.

पंचनाम्याला मालक म्हणाला, मी मनाई केली असताना ही माणसं आपल्या मनाने उतरली. देवराव तिथेच उकिडवा बसला होता. उठला. "खोटं हाये साहेब. मी उतरवले. दोघाले बी. लिहा." लिहिणाऱ्याने लिहिलं: विहिरीतील विषारी वायूमुळे. देवराव म्हणाला, "इहिरीतला नाही. इंजनातला."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"पंधरा दिवस झाले हे इहीर उघडी हाये. काल पावतर सात मानसं आत काम करून राहिली होती. आज नवं काय गेलं आत? इंजन गेलं. लिहा, इंजन आत होतं."

लिहिलं नाही. मालक आणि लिहिणारा चहा प्यायला गेले. मालकाच्या घरचं कोणी त्या विहिरीत कधी एक पायरीही उतरलं नव्हतं. ती विहीर आज पाण्याने भरलेली आहे. संत्र्याची बाग आहे तिथे, लोक म्हणतात छान आहे.

आठवड्याने देवराव माझ्या घरी आला. मी त्याला उंबरठ्यावरच सांगितलं, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवलास तर उकळतं पाणी टाकीन. तो म्हणाला, "नाही ठेवत. पन इलासले इहिरीवर जाऊ देऊ नका. कंदील खोटा कावून बोलला ते मले कयेपर्यंत मी बी जात नाही." आणि गेला. विलासला अकोल्याला माझ्या भावाकडे मी त्याच दिवशी पाठवलं. देवरावने सांगितलं म्हणून नाही. मला विलासचं तोंड पाहवत नव्हतं म्हणून.

महिन्याभराने सकाळी रस्त्यावरून आवाज आला. "वैनी! जयभीम!" मी बाहेर पाहिलं. देवराव कुंपणापलीकडे सायकल धरून उभा होता.

"तुले सांगतलं होतं ना, येऊ नको म्हून!"

"दारात नाही आलो. रस्ता सरकारचा हाये." आणि तिथूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, त्याने सांगायला सुरुवात केली. तो अमरावतीच्या एका कॉलेजात जाऊन विज्ञानाच्या मास्तरांना भेटून आला होता. शिपायाने दोनदा हाकलल्यावर तिसऱ्यांदा आत शिरला होता. पेट्रोलच्या इंजिनातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यात माणूस मरतो, पण ज्योत विझत नाही. "त्यात कंदील जयते वैनी! मास्तर म्हनते, कंदील फक्त एका परकारची हवा पाहते. कुबट हवा. हे दुसरी त्याले दिसतच नाही. माह्या बापाच्या इहिरीत इंजन नोतं, म्हून बापाले हे ठाऊक नोतं." त्या वायूचं नाव त्याने मास्तरांकडून कागदावर लिहून आणलं होतं. मी चौथी शिकलेली आहे, नाव मला वाचता आलं. नाव वाचून काय होतं? मी कागद त्याच्याकडे फेकला आणि घरात गेले. म्हणजे माझा मिलिंद एका मापावर विश्वास ठेवून खाली गेला, आणि ते माप दुसऱ्याच कशाचं होतं.

तो वायू मोजायचं यंत्र मिळतं. मुठीत मावतं, वायू असला की बोंबलतं. देवरावने अकोल्याला जाऊन ते पाहिलं आणि किंमत ऐकून परत आला. मग त्याने स्वतःचं माप काढलं. विहिरी खोदणं सोडून तो सायकलवर गावोगाव फिरायला लागला. शेताच्या बाजूने जाताना थांबायचा आणि कान द्यायचा. इंजिनाचा आवाज जमिनीच्या वरून येत असला तर पुढे जायचा. जमिनीच्या खालून, विहिरीतून येत असला तर सायकल बांधावर टाकून आत शिरायचा. "हवा मोजाच्या भानगडीत पडूच नका," म्हणायचा. "इंजन कुठी हाये तेवढं पाहा. आत असन तं मानूस वरतं. मानूस आत असन तं इंजन वरतं. दोघं आत नाही."

लोक त्याला हाकलायचे. कोणी कुत्रं सोडलं, कोणी त्याच्या सायकलची हवा काढली. वलगावजवळच एका तरण्या मालकाच्या विहिरीवर तो काठावर पाय आत सोडून बसला आणि इंजिन वर काढल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. मी तेव्हा शेजारच्या शेतात निंदायला होते, सगळं ऐकू येत होतं.

"अबे बुढ्या, ऊठ. आमी दोन वर्सं झाली असंच चालवून राहिलो. आतापर्यंत काही झालं नाही."

"माह्या इहिरीत बी दुपारच्या दोन वाजेपावतर काही झालं नोतं."

"मानसं मारून आला तू, आमाले शिकवते?"

"हाव. मानसं मारून आलो म्हूनच शिकवून राहिलो. ज्यानं नाही मारली त्याले काय ठाऊक?"

त्यांनी त्याला बखोट धरून रस्त्यावर नेऊन टाकलं. धोतर फाटलं. तो धूळ झटकून परत येऊन तिथेच बसला. तीनदा असं झालं. शेवटी त्या मालकाच्या बापाने कंटाळून इंजिन वर काढायला लावलं. कोणी त्याचे आभार मानले नाहीत, कारण काही झालं नाही. जे झालं नाही त्याचं कोण काय मानणार? आणि आता मंडपात माईक घेऊन बोलणाऱ्यांत तोच तरणा मालक पुढे होता.

मग देवरावला दम लागायला लागला. आधी सायकल सुटली, मग चालणं. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, दगडाची धूळ आहे. आयुष्यभर खडक फोडला, सुरुंगाची धूळ खाल्ली, ती फुप्फुसात बसली. विलास आता अकोल्यालाच ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात आहे. तो रोज त्याला डबा नेऊन द्यायचा. मला न विचारता. मला कळल्यावर मी त्याला अडवलं नाही. एक दिवस विलासच मला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला.

देवराव खाटेवर बसूनच होता, आडवं झालं की श्वास कोंडायचा. ते पंजे अजून टोपल्याएवढेच होते, त्यांच्या मागचा माणूस मात्र उरला नव्हता. मला पाहून तो म्हणाला, "धुयीचं माप मले कोनी सांगतलंच नाही वैनी. रोज थोडी थोडी खाल्ली. रोज खाल्ली तं धोका थोडी वाटते." आणि हसायला गेला, पण खोकला आला.

मी स्टुलावर बसले. त्याला बरं वाटावं म्हणून मी गेले नव्हते. मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

"मिलिंदले कावून पाठवलं?"

"कंदील जयत होता."

"मंग इलासले कावून अडवलं?"

त्याला पुन्हा श्वास जमवायला वेळ लागला. "कंदील तवा बी जयत होता वैनी."

हे मला तेव्हा नीट समजलं, आणि समजलं म्हणून राग कमी झाला नाही. बाप-आज्याचं माप डोळ्यांसमोर सरळ जळत असताना त्याने ते सोडून दिलं आणि विळा उचलला. एका श्वासात. एक श्वास आधी उचलला असता तर मिलिंदही वर राहिला असता. हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने माफी मागितली नाही. मागितली असती तर मी उठून आले असते.

निघताना त्याने विलासला विचारलं, "तुह्या दुकानात इंजन टेस्ट करते तवा दार उघडं ठेवता ना?"

"ठेवतो काका."

"हिवाळ्यात बी?"

"हिवाळ्यात बी."

परत येताना विलासने विचारलं, "माय, तू माफ केलं का त्याले?" मी म्हणाले, "समोर पाहून गाडी चालव." त्यानंतर नऊ दिवसांनी देवराव गेला.

आजही अमरावतीहून तिवशाकडे जाताना एसटीच्या खिडकीतून शेतात जमिनीखालून इंजिनाची धडधड ऐकू येते. काठावर माणसं उभी असतात, आत वाकून पाहत. त्यांना विचाराल तर सांगतील, आतापर्यंत काही झालं नाही.

त्या दिवशी त्या विहिरीवर टोळीचे आम्ही नऊजण होतो. सुभाष गेला, मिलिंद गेला. सातजण जिवंत घरी आलो. त्यात मी होते, बेबी होती, देवराव होता, आणि माझा विलास होता. देवराव आता नाही. विलास आहे.